फौजेत शिकायला जायचं? अग्निवीर टेक्निकल ते टीईएस, तांत्रिक शिक्षणाचा रोखठोक हिशेब

बारावी सायन्स झाली, पण इंजिनिअरिंगची फी झेपत नाही. आयटीआय झालं, पण कंपनी अकरा महिन्यांच्या कंत्राटापलीकडे जात नाही. अशा घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘टेक्निकलला लाग, हातात काम येईल, वर पगारही मिळेल.’ हे परीक्षण त्या वाक्यापुरतं आहे. देशसेवा, वर्दी, गावातली मिरवणूक यांचं मोल वेगळं, ते इथे मोजायचं नाही. तांत्रिक शिक्षण देणारी सेवा म्हणून सैन्यदल कितपत उतरतं, एवढंच पाहू.

मत आधीच सांगून टाकतो. काम शिकवण्यात सैन्यदल पक्कं आहे, कागद देण्यात कच्चं. शिपाई पातळीवर, म्हणजे चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या अग्निवीराच्या बाबतीत, तर हा फरक फारच मोठा आहे. म्हणून आयटीआय किंवा डिप्लोमा खिशात घालून जाणाऱ्याला चार वर्षं पावतात. नुसती बारावी घेऊन जाणारा बाहेर येतो तेव्हा हात तयार असतात, पण ‘तुझ्याकडे काय आहे’ या प्रश्नाला उत्तर सापडत नाही. टीईएसचा (टेक्निकल एन्ट्री स्कीम, बारावीनंतर अधिकारी होण्याची तांत्रिक वाट) मामला निराळा आहे, त्याकडे शेवटी येऊ.

दारात काय मागतात

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि शिपाई पातळीवरची बहुतेक जुनी भरती बंद झाली. आता थलसेनेत तांत्रिक कामासाठी ‘अग्निवीर टेक्निकल’ हे दार आहे. बारावीला भौतिक, रसायन, गणित आणि इंग्रजी हवं, एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ४० टक्के. दहावीनंतर ठरावीक ट्रेडमधला दोन वर्षांचा आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्यांनाही हे दार उघडं आहे. शिवाय आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांना परीक्षेत बोनस गुण मिळतात. निवडीच्या यादीत एकेका गुणावर माणसं वरखाली होतात, तिथे हे गुण फार मोठे ठरतात.

२०२३ पासून क्रम उलटा झाला आहे. आधी संगणकावरची सामाईक प्रवेश परीक्षा, मग मैदान. टेक्निकलच्या पेपरात गणित, भौतिक आणि रसायन यांचं वजन जास्त असतं आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. दोन वर्षं फक्त रनिंग मारून अभ्यास शेवटच्या महिन्यावर टाकणारी मुलं इथेच गळतात. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढणारी मुलं गावोगाव आहेत, घर्षणाचं गणित सोडवणारी त्यामानाने कमी. मोठ्या फीच्या भरती अ‍ॅकॅडमीचं ग्राउंड चांगलं असेलही, पण प्रवेश घेण्याआधी भौतिक आणि गणित कोण शिकवतं आणि आठवड्याला किती तास, हे विचारा. ‘सेटिंग करून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

वयाची खिडकी अरुंद आहे. योजनेत साडेसतरा ते एकवीस अशी मर्यादा ठरली आणि पहिल्या भरतीपुरती ती तेवीस केली होती. प्रत्येक जाहिरातीत वय अमुक तारखेला धरतात, ती तारीख नीट वाचा. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला तर मुलगा एकोणिसाव्या वर्षी मोकळा होतो. म्हणजे प्रयत्नाला एक-दोन वर्षं उरतात. पदवी करून या दारात येणं वयात बसत नाही.

ट्रेड तुम्ही निवडत नाही

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. फॉर्मवर ‘टेक्निकल’ ही श्रेणी निवडता येते, ट्रेड निवडता येत नाही. निवड झाल्यावर कोर, म्हणजे सैन्याची शाखा मिळते. ईएमई (यंत्रं आणि वाहनं दुरुस्त करणारी कोर) मिळाली तर सिकंदराबाद किंवा भोपाळ, सिग्नल्स (संदेशवहनाची कोर) मिळाली तर जबलपूर किंवा गोवा, इंजिनिअर्सपैकी बॉम्बे सॅपर्स मिळाले तर आपल्या पुण्याची खडकी. त्यानंतर केंद्रात चाचणी, मेडिकलचा शेरा आणि त्या तुकडीत कोणत्या जागा रिकाम्या आहेत, या तीन गोष्टींवर ट्रेड ठरतो. रंगदृष्टीत थोडीशी कमतरता निघाली तर तारांच्या रंगांवर चालणारे विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक ट्रेड हातचे जाऊ शकतात. डोळ्यांची तपासणी भरतीआधी खासगीत करून घेतलेली बरी, म्हणजे निदान अंदाज तरी येतो.

ट्रेडच्या नावापेक्षा तो बाहेर चालतो का, याकडे लक्ष द्या. डिझेल वाहनांचा मेकॅनिक, वेल्डर, जनरेटर सेट आणि वातानुकूलन सांभाळणारा, उत्खनन यंत्र चालवणारा सॅपर (इंजिनिअर्सचा जवान), सर्व्हेअर, फायबर टाकणारा आणि नेटवर्क सांभाळणारा सिग्नलमन यांची कामं बाहेर जशीच्या तशी आहेत. तोफेची यंत्रणा, रणगाड्याचं गन कंट्रोल, क्षेपणास्त्राची देखभाल या कामांत तंत्र उच्च आहे, शिकण्यासारखं पुष्कळ आहे, पण बाहेर त्यांना गिऱ्हाईक नाही. अशा ट्रेडमध्ये चार वर्षं काढलेल्या मुलाने हायड्रॉलिक्स, सर्वो, सेन्सर ही मूळ अंगं बायोडेटात वेगळी मांडली नाहीत, तर कंपनीच्या एचआरला त्याचं काम कळतच नाही.

प्रत्यक्षात काय शिकायला मिळतं

अग्निवीराचं सुरुवातीचं प्रशिक्षण साधारण सहा-सात महिन्यांत उरकतात, त्यात मूलभूत सैनिकी प्रशिक्षणही आलं. ड्रिल, फायरिंग, पीटी वजा केली की ट्रेडच्या वर्गाला आणि वर्कशॉपला उरणारा वेळ दोन वर्षांच्या आयटीआयशी तोलता येत नाही. खरं शिकणं युनिटमध्ये गेल्यावर होतं.

आणि तिथे सैन्याला तोड नाही. अवजार काढताना नोंद आणि ठेवताना मोजणी करायची. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत कोणी हलत नाही. तेल बदललं, फिल्टर बदलला, नट किती टॉर्कला कसला, याची लॉगबुकात सही. ठरलेल्या दिवसाला ठरलेली देखभाल होते, गाडी चालू असो वा बंद. ‘चालतंय ना, मग राहू दे’ हे वाक्य तिथे ऐकून घेत नाहीत. थंडीत डिझेल गोठतं तिथे इंजिन सुरू करणं, रस्त्यात अडकलेली गाडी विंचने ओढून काढणं, सुटा भाग येईपर्यंत आहे त्यात भागवणं, हे कुठल्याही पॉलिटेक्निकच्या प्रात्यक्षिकात येत नाही. कारखान्यांच्या देखभाल विभागांना नेमकी हीच शिस्त हवी असते.

आता उणी बाजू. युनिटबरोबरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये दुरुस्ती म्हणजे बहुधा जोडणी बदलणं असतं. बिघडलेला स्टार्टर काढला, चांगला बसवला, जुना मागे पाठवला. पूर्ण ओव्हरहॉल बेस वर्कशॉपमध्ये होतो, जसं आपल्या खडकीचं ५१२. तिथे मुख्यतः मुलकी कामगार असतात. त्यामुळे इंजिन मुळापासून उघडून पुन्हा बांधायचा सराव सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. दुसरं म्हणजे सैन्यातल्या बऱ्याच ट्रकांचे डिझेल पंप जुन्या यांत्रिक पद्धतीचे आहेत. बाहेरच्या सर्व्हिस सेंटरला कॉमन रेल, स्कॅनर आणि बीएस-६ची उत्सर्जन यंत्रणा जाणणारा माणूस लागतो. ही दरी वाहन कंपनीच्या छोट्या कोर्सने भरून निघते, पण त्याची तयारी सेवेतल्या शेवटच्या वर्षात मनाशी ठेवावी लागते.

वेळेचा हिशेबही मांडायला हवा. चार वर्षांतून प्रशिक्षण वजा करा, वर्षाला ३० दिवसांची रजा वजा करा. उरलेल्या तीनेक वर्षांत गार्ड ड्यूटी, फटीग (साफसफाई, उचल-ठेव अशी अंगमेहनत), सराव, परेड, खेळ हे सगळं येतं. हे चूक म्हणून सांगत नाही, ती फौज आहे. पण ‘चार वर्षांचा तांत्रिक अनुभव’ असं कुणी म्हटलं की त्यातला पाना हातात असलेला काळ किती, हे मनात धरून चाला.

कागदाची गोष्ट

अग्निवीराला सेवा संपताना कौशल्य प्रमाणपत्र मिळतं. दहावीवर गेलेल्यांना राष्ट्रीय मुक्त शाळेकडून बारावीची सोय आहे. इग्नूने अग्निवीरांसाठी तीन वर्षांची कौशल्याधारित पदवी आणली आहे. तिचे निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणातून धरले जातात, निम्मे अभ्यासक्रमातून मिळवायचे. पहिल्या वर्षावर थांबलात तर सर्टिफिकेट, दुसऱ्यावर डिप्लोमा, तिसऱ्यावर पदवी. स्पर्धा परीक्षांसाठी ‘पदवीधर’ हा रकाना भरायला ती उत्तम. पण ती बीए, बीकॉमच्या वळणाची पदवी आहे, इंजिनिअरिंगची नाही. तिच्यावर जेईची (ज्युनिअर इंजिनिअरची) तांत्रिक पोस्ट मिळत नाही.

बाहेर प्रत्येक धंद्याचा आपला परवाना असतो आणि तो फौजेच्या अनुभवाकडे पाहून आपोआप हातात पडत नाही. महाराष्ट्रात वीजजोडणीच्या कामाला तारतंत्री परवाना लागतो. विमान देखभालीत सही करायची तर डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परीक्षा आणि नागरी विमानांवरचा अनुभव लागतो. लढाऊ विमानाच्या इंजिनावर कितीही वर्षं घालवली तरी ही पायरी चुकत नाही. व्यापारी जहाजांवर जायचं तर नौवहन महासंचालनालयाचे नियम. नौदलाच्या अग्निवीरांना मर्चंट नेव्हीत वळण्यासाठी काही मार्ग २०२२ मध्येच जाहीर झालेत, तरी प्रशिक्षण आणि प्रमाणपत्राची अट उरतेच.

म्हणूनच कागद आधी करा म्हणतो. आयटीआय असेल तर सुटून आल्यावर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं. डिप्लोमा असेल तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. हातात सेवानिधीचे (पगारातून कापलेले आणि सरकारने तेवढीच भर घातलेले) पैसे, अंगात शिस्त आणि वय तेवीस-चोवीस, हा गडी वर्गात चांगला उठून दिसतो. नुसत्या बारावीवर गेलेल्याला मात्र त्या वयात पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सेवेत असताना एक बारीक गोष्ट सांभाळा. कोणताही कोर्स पास झालात की त्याची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये (जवानाच्या सेवेतल्या नोंदींचा अधिकृत आदेश) निघाली का, हे कार्यालयात जाऊन विचारा. क्लार्क विसरला, युनिट हललं, नोंद राहिली, असं होतं. नोंद नाही तर शेवटच्या कागदावर तो कोर्सही नाही, आणि मागून पत्रव्यवहार करून ती घालून घेणं म्हणजे जिकिरीचं काम. कामाचे फोटो किंवा कागदांच्या प्रती बाहेर नेता येत नाहीत, ते गुन्ह्यात मोडतं. त्यामुळे मुलाखतीत दाखवायला एवढा अधिकृत कागदच उरतो.

पैसा आणि अटी

पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपयांचं पॅकेज, त्यातले ३० टक्के सेवानिधीत जातात, हातात २१,०००. चौथ्या वर्षी पॅकेज ४०,००० आणि हातात २८,०००. राहणं-खाणं, कपडे, औषधोपचार यांचा खर्च नाही. चार वर्षांत तुमचे सुमारे ५.०२ लाख आणि सरकारचे तेवढेच, मिळून १०.०४ लाख रुपये आणि व्याज, तेही करमुक्त. शिकण्यासाठी फी भरण्याऐवजी पैसे मिळवून बाहेर पडायचं, असा व्यवहार दुसरीकडे सापडणार नाही. इथे पूर्ण गुण.

महागाई भत्ता, ग्रॅच्युइटी आणि पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. विमा ४८ लाखांचा आहे, त्याचा हप्ता तुम्ही भरत नाही. चार वर्षं लग्न करता येत नाही. मनात आलं म्हणून मध्येच सोडता येत नाही. अपवादात्मक कारणाने मंजुरी मिळून बाहेर पडलात, तर सेवानिधीतला फक्त स्वतःचा वाटा व्याजासह मिळतो, सरकारचा वाटा जातो. पुढे कायम होणारे जास्तीत जास्त २५ टक्के. २०२२च्या अखेरीस दाखल झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६च्या अखेरीस भरतात. ‘अग्निवीर’ या शिक्क्याला खासगी बाजारात काय भाव येतो, हे त्यानंतरच कळेल. तोवर जो छातीठोक आकडा सांगतो, तो अंदाज विकतोय.

नौदल आणि वायुसेना

तांत्रिक शिक्षणापुरतं बोलायचं तर ही दोन दलं थलसेनेच्या एक पाऊल पुढे आहेत. जहाज आणि विमान ही मुळात यंत्रंच, त्यामुळे माणूस यंत्रापासून फार लांब जात नाही. नौदलाचं मूलभूत प्रशिक्षण ओडिशात आयएनएस चिल्का इथे होतं. पुढे सागरी इंजिनिअरिंगचं घर म्हणजे लोणावळ्याची आयएनएस शिवाजी, विजेच्या कामाचं घर जामनगरची आयएनएस वालसुरा. नौदलाच्या एसएसआरसाठी (बारावी पातळीवरची अग्निवीर भरती) बारावीला गणित, भौतिक आणि ५० टक्के लागतात, डिप्लोमाही चालतो. वायुसेनेतही बारावी किंवा तीन वर्षांचा डिप्लोमा, वर इंग्रजीत वेगळे ५० टक्के. मराठी माध्यमातली मुलं या इंग्रजीच्या अटीवर अडतात. बारावीला इंग्रजीत ४८ गुण पडले तर भौतिकातले ९० कामाला येत नाहीत.

मैदानही तुलनेने सोपं आहे. १.६ किलोमीटरला मुलांसाठी नौदलात साडेसहा मिनिटं, वायुसेनेत सात. मुलींना तांत्रिक काम करायचं असेल तर अग्निवीर म्हणून याच दोन दलांकडे पाहावं. थलसेनेत अग्निवीर मुलींना सैनिकी पोलीस हेच दार आहे. पूर्वीची नौदलाची आर्टिफिसर अ‍ॅप्रेंटिस ही वीस वर्षांची भरती तांत्रिक शिक्षणाच्या दृष्टीने सगळ्यात दमदार होती. ती गेली, याची हळहळ वाटते.

टीईएस: इथे कागदही मिळतो

बारावीला भौतिक, रसायन, गणितात मिळून ६० टक्के, जेईई मेन दिलेली, वय साडेसोळा ते साडेएकोणीस, अविवाहित मुलगा. एवढं असेल तर टीईएसचा अर्ज भरा. परीक्षा वेगळी नाही. जेईईच्या गुणांवर गाळणी लागते आणि पाच दिवसांच्या एसएसबीला (अधिकारी निवडण्याच्या चाचण्या आणि मुलाखत) बोलावतात. निवड झाली की चार वर्षं. तीन वर्षं पुण्याचं सीएमई, महूचं एमसीटीई किंवा सिकंदराबादचं एमसीईएमई या सैन्याच्या तांत्रिक महाविद्यालयांपैकी एका ठिकाणी, मग एक वर्ष डेहराडूनच्या आयएमएमध्ये (भारतीय सैन्य अकादमीत). शेवटी बीटेक आणि लेफ्टनंटचे तारे. फी नाही. उलट तीन वर्षं झाली की महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन सुरू. नौदलाची अशीच बीटेक योजना केरळातल्या एळिमलाला आहे, तिथे ७० टक्क्यांची अट आहे.

शिक्षण म्हणून याला पैकीच्या पैकी द्यावेसे वाटतात, दोन गोष्टी सोडून. जागा मोजक्या, एका कोर्सला साधारण ९०. आणि वैयक्तिक कारणाने मधेच सोडलं तर प्रशिक्षणाचा खर्च वसूल करतात. अधिकारी झाल्यावर तुमचं मुख्य काम माणसं आणि यंत्रणा सांभाळणं, डिझाइन नव्हे. कोडिंग किंवा संशोधनाची ओढ असणाऱ्याने हे आधीच ओळखावं. एसएसबीच्या तयारीसाठी लाखभर उधळायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था एनडीएच्या दृष्टीने मुलं घडवते आणि नाशिक रोडचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र एसएसबीची तयारी करून घेतं. दोन्ही राज्य सरकारच्या आहेत.

कुठे अडतं

मेडिकलमध्ये बाद होण्याची कारणं ठरलेली आहेत. गुडघे एकमेकांना लागणं, सपाट तळवे, कानातला मळ आणि पडद्याचं छिद्र, नाकाचं वाढलेलं हाड, किडलेले दात. दातांना गुण असतात आणि किमान १४ लागतात. कान साफ करणं, दात भरून घेणं ही कामं दोन-तीन महिने आधी उरका, आदल्या दिवशी नको, कारण ताजी जखम दिसली तरी अडवतात. टॅटू फक्त हाताच्या आतल्या बाजूला आणि तळव्याच्या मागे चालतो, आदिवासी परंपरेतल्या गोंदणाला वेगळी सवलत आहे. दंडावर महाराज किंवा मानेवर आईचं नाव कोरून आलेला मुलगा बाकी सगळ्यात पहिला आला तरी परत जातो.

कागदांत दहावीच्या मार्कशीटवरचं नाव हाच आधार. आधारवर ‘राव’ आहे आणि मार्कशीटवर नाही, आईच्या नावाचं स्पेलिंग वेगळं, जन्मतारखेत एका दिवसाचा फरक, यातलं काही असेल तर जाहिरात यायच्या आधी दुरुस्त करा. चारित्र्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला जुना चालत नाही, सहा महिन्यांच्या आतला लागतो, म्हणून तो मैदानाची तारीख कळल्यावरच सरपंच किंवा नगरसेवकाकडून घ्यायचा.

वय निघून गेलं किंवा मेडिकल आडवं आलं, तरी सैन्याच्या यंत्रांवर हात बसवायचा एक मार्ग उरतो आणि त्याकडे फार कमी मुलं पाहतात. मुंबईच्या नौदल गोदीची अ‍ॅप्रेंटिस शाळा आयटीआय झालेल्यांना घेते. विद्यावेतन मिळतं, काम युद्धनौकांवरचं असतं आणि शेवटी राष्ट्रीय अ‍ॅप्रेंटिसशिप प्रमाणपत्र हातात येतं, म्हणजे अग्निवीराला जो कागद मिळत नाही, नेमका तोच. जाहिरात वर्षातून एकदा येते, फॉर्मची मुदत थोड्या दिवसांची असते, आणि तिथेही आयटीआयच्या गुणांवर पहिली चाळणी लागते.